झिल्स-मारिया : रिकाम्या वेळाचं एक गाव

मंडळी, आजचा विषय जरा हलका वाटेल. तळ्याकाठच्या एका लहानशा गावात बाहेरची माणसं येतात आणि वेळ घालवतात, त्याचा इतिहास. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यात काय सांगायचं? पण ग्रीक भाषेत फुरसतीला ‘स्खोले’ म्हणतात, आणि ‘स्कूल’ हा शब्द तिथूनच आला. ॲरिस्टॉटलच्या मते तर आपण कामात गुंततो तेच मुळी फुरसत मिळावी म्हणून. आपल्याकडे मात्र ‘रिकामटेकडा’ ही जवळजवळ शिवीच आहे.

गावाचं नाव झिल्स-मारिया. स्वित्झर्लंडमध्ये ग्राउब्युंडेन प्रांतात, वरच्या एंगाडीन खोऱ्यात, सुमारे १८०० मीटर उंचीवर. एका बाजूला झिल्सचं तळं, दुसऱ्या बाजूला सिल्व्हाप्लानाचं. आज चित्रासारखं दिसणारं हे खोरं पूर्वी गरीब होतं. शेती आणि गुरांवर भागेना, म्हणून इथली पोरं परमुलखात जाऊन मिठाईवाले झाली. केक, पेस्ट्री, चॉकलेट. बर्लिनचं गाजलेलं कॅफे योस्टी हे झिल्सच्याच योस्टी घराण्याचं. त्यातल्या एकाने पैसा मिळवून १८१७ साली गावात टोलेजंग वाडा बांधला. पुढे त्याचं हॉटेल झालं. हा मिठाईचा धागा लक्षात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

१८८१ च्या उन्हाळ्यात इथे एक पेन्शनर आला. वय अवघं छत्तीस. बाझेल विद्यापीठातली प्राध्यापकी प्रकृतीपायी दोन वर्षांपूर्वीच सुटलेली, डोळे अधू, डोकेदुखी पाचवीला पुजलेली. हा फ्रीडरिश नीत्शे. मधलं १८८२ साल सोडलं तर १८८८ पर्यंत दर उन्हाळ्यात तो इथे येत राहिला. किराणा दुकानदाराच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली, भाडं दिवसाला एक फ्रँक. आपण ज्याला हवापालट म्हणतो, तेच.

तो इथे करायचा काय? चालायचा. तासन्‌तास, खिशात वही घेऊन. कधी तळ्याच्या काठाने, कधी फेक्सच्या दरीत, कधी पाण्यात घुसलेल्या शास्ते नावाच्या भूशिरावर. सिल्व्हाप्लानाच्या काठी सुर्लेईजवळ एक मोठा निमुळता खडक आहे. १८८१ च्या ऑगस्टमध्ये तिथे थांबला असताना त्याला ‘शाश्वत पुनरावर्तना’ची कल्पना सुचली, असं त्याने स्वतः सांगून ठेवलंय. आज पर्यटक त्या खडकाशी फोटो काढतात. १८८७ साली त्याच्याबरोबर तळ्यात होडीतून हिंडणारी मेटा फॉन झालिस ही त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवलेली आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी बाई होती. नीत्शेने स्त्रियांविषयी काय काय लिहिलंय ते आठवलं, की या होडीची गंमत वाटते.

गावातल्या पोरांनी मात्र या फिरत्या प्राध्यापकाची वेगळीच करमणूक केली. त्याच्या मिटलेल्या छत्रीत ती खडे भरून ठेवायची. छत्री उघडली की सगळे खडे डोक्यावर! हे पुढे गावातल्याच एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितलं. लहानपणी तोही त्या टोळीत होता.

पहिल्या मुक्कामानंतरच्या वर्षी, १८८२ मध्ये, आलेल्या पुस्तकात फुरसतीवर एक छोटा परिच्छेद आहे. त्याची तक्रार अशी, की माणसाला आता स्वस्थ बसण्याचीच लाज वाटू लागली आहे. जेवतानाही त्याचं लक्ष बाजाराच्या बातम्यांत असतं. मोबाईल ताटाशेजारी ठेवणाऱ्यांनी तो परिच्छेद जरूर वाचावा.

पण एक गोष्ट या परिच्छेदात येत नाही, आणि मला ती महत्त्वाची वाटते. पाहुण्याचा रिकामा वेळ कुणीतरी राखावा लागतो. खोली झाडणाऱ्या, अंथरूण घालणाऱ्या बाईला उन्हाळ्यात कसली फुरसत? आणि ज्या शांततेसाठी लोक येतात, तीही आपोआप टिकत नाही. ग्राउब्युंडेनमध्ये १९०० ते १९२५ अशी पंचवीस वर्षं मोटारगाड्यांना बंदी होती, आणि लोकांनी ती मतदानाने पुन्हा पुन्हा कायम केली. फेक्सच्या दरीत आजही पाहुणे घोडागाडीने किंवा पायी जातात. दरम्यान १९०४ मध्ये सेंट मॉरिट्झपर्यंत रेल्वे आली, १९०८ मध्ये झिल्सच्या टेकडीवर ‘वाल्डहाउस’ हे भव्य हॉटेल उघडलं.

खरं संकट आलं ते विजेच्या रूपाने. झिल्सच्या तळ्याचं पाणी वीजनिर्मितीसाठी वापरण्याच्या योजना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डोकं वर काढत होत्या. तसं झालं असतं तर ते तळं न राहता पाण्याची टाकी झालं असतं. गरिबी पाहिलेल्या खोऱ्यातल्या माणसांना त्यात उत्पन्न दिसलं असेल, तर त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. निसर्ग आणि सौंदर्य काही पोट भरत नाही! मग १९४६ साली निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या स्विस संस्थांनी एक युक्ती केली. महायुद्ध नुकतंच संपलेलं, चॉकलेट अजून रेशनवर. त्यांनी सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटची नाणी देशभर विकली, आणि त्या पैशातून तळ्याला हात न लावण्याचा मोबदला उभा केला. ज्या गावाने युरोपला मिठाई खाऊ घातली, त्याचं तळं चॉकलेटने वाचवलं. ती नाणी पुढेही वर्षानुवर्षे विकली गेली, दर वेळी नव्या कामासाठी.

वाल्डहाउसमध्ये वर्षानुवर्षे येणाऱ्यांत थिओडोर अडोर्नो होता. छत्रीची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती त्याच्याचमुळे. १९६९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने रेडिओवर ‘मोकळा वेळ’ या विषयावर भाषण दिलं. सुट्टी ही कामाचीच सावली आहे, छंदसुद्धा आता नेमून दिल्यासारखे करावे लागतात, असा त्याचा रोख. योगायोग बघा, त्याच वर्षी एंगाडीनची स्की-मॅरेथॉन सुरू झाली. सुमारे ४२ किलोमीटर, मालोयापासून, गोठलेल्या झिल्सच्या तळ्यावरून. आता दर मार्चमध्ये हजारो लोक छातीवर नंबर लावून, घड्याळाशी शर्यत करत, शास्तेच्या भूशिरासमोरून जातात. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर पाहुण्यांना घेऊन एक छोटी बोट ठरलेल्या वेळी ये-जा करते.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.