बाळंतिणीच्या ताटाची झडती: स्तन्यदोषापासून ॲलर्जीपर्यंत

तान्ह्या बाळाच्या अंगावर चट्टे उठले, शौचात रक्ताचा धागा दिसला किंवा ते रात्रभर कळवळून रडले, की घरात पहिली झडती होते ती आईच्या ताटाची. ‘काल काय खाल्लंस?’ हा प्रश्न रत्नागिरीतल्या बहुतेक बाळंतिणींनी ऐकलेला असतो. आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. दूध, अंडे, गहू, शेंगदाणा अशा अनेक पदार्थांची ॲलर्जी असलेल्या बाळाला अंगावर पाजणारी आई आज जे पथ्य पाळते, त्यात दोन निरनिराळे वारसे मिसळलेले आहेत. एक फार जुना, दुसरा जेमतेम शंभर वर्षांचा. त्यांची सरमिसळ झाली की त्याची किंमत आईच्या पोटाला मोजावी लागते. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, वैद्य नव्हे. तेव्हा पुढील मजकुराला औषधयोजना समजू नये.

प्रथम जुना वारसा. सुश्रुतसंहितेत बालकांचे तीन प्रकार सांगितले आहेत: एक वर्षापर्यंतचा क्षीरप, दोन वर्षांपर्यंतचा क्षीरान्नाद आणि त्यापुढचा अन्नाद. या वर्गीकरणाचा उपयोग औषध ठरवताना होतो. केवळ दुधावर असलेल्या मुलासाठी औषध योजायचे तर ते धात्रीलाही द्यावे. दूध आणि अन्न दोन्ही घेणाऱ्यासाठी मूल व धात्री दोघांना. अन्न खाणाऱ्या मुलाचे औषध मात्र त्याचे त्यालाच. धात्री म्हणजे पाजणारी, मग ती आई असो वा दाई. औषधाचा कल्क स्तनांना लावून बाळाला पाजावे, असाही उपाय तेथे येतो. पिणारे मूल आणि पाजणारी स्त्री यांचा विचार एकत्र करायचा, ही दृष्टी त्यामागे आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसावा अध्याय आणखी पुढे जातो. तेथे दुधाचे आठ दोष मोजले आहेत: बेचव होणे, फेसाळणे, रुक्ष होणे, रंग बदलणे, दुर्गंध येणे, अतिस्निग्ध होणे, बुळबुळीत होणे आणि जड होणे. कारणांची यादी लांबलचक आहे. अजीर्ण, असात्म्य व विरुद्ध भोजन, अतिभोजन, खारट-आंबट-तिखट पदार्थ, मनस्ताप, रात्रीचे जागरण, चिंता. शेवटची दोन कारणे वाचल्यावर जगातल्या कोणत्या आईचे दूध निर्दोष ठरेल, असा प्रश्न मला तरी पडला.

‘पाहा, आपल्याकडे ॲलर्जी तेव्हाच माहीत होती’ असे संदेश अधूनमधून फिरत असतात. येथे थोडे सावध राहायला हवे. ‘असात्म्य’ म्हणजे खाणाऱ्याच्या प्रकृतीला न मानवणारे. चरकाच्या विवेचनात आईला न मानवणारे अन्न तिच्या शरीरात दोष निर्माण करते आणि तिचे दूध बिघडते. म्हणून शोधन तिचे करायचे, वमन-विरेचन तिला द्यायचे. ॲलर्जीच्या कल्पनेत दूध बिघडलेलेच नसते. आईला ते अन्न उत्तम पचलेले असते. त्या अन्नातील प्रथिनाचा सूक्ष्म अंश दुधात उतरतो आणि बाळाची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजते. वरवर पाहता सल्ला एकच, ‘आईने अमुक खाऊ नये’. पण पहिल्या मांडणीत सदोष ठरते ती आई, दुसऱ्या मांडणीत दोष कोणाचाच नसतो. घराघरांतून आजही ‘तुझं दूध बाधलं’ असे सहज म्हटले जाते, ती पहिल्या मांडणीची भाषा आहे.

आता दुसरा वारसा. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. आईने खाल्लेल्या अन्नाची प्रथिने तिच्या दुधात उतरतात का, याची तपासणी १९२१ मध्ये शॅनन या अमेरिकी डॉक्टरांनी गिनीपिगांवर प्रयोग करून केली, आणि उत्तर होकारार्थी आले. पुढे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिश यांनी स्वीडनमध्ये ‘आयजीई’ या प्रतिपिंडाचा शोध लावला, तेव्हा तत्काळ उठणाऱ्या ॲलर्जीची यंत्रणा स्पष्ट झाली.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९७८ चा स्वीडनमधील प्रयोग. याकोबसन आणि लिंडबर्ग यांनी पोटदुखीने रडणाऱ्या, अंगावर पिणाऱ्या १९ बाळांच्या आयांचे गाईचे दूध बंद केले. १३ बाळांचा त्रास थांबला. पुढचे काम अधिक मोलाचे होते: त्यांनी त्या आयांना दूध पुन्हा प्यायला लावले आणि त्रास परततो का ते पाहिले. बहुतेकांचा परतला. अशा रडण्याचे कारण नेहमी गाईचे दूधच असते, असे नंतरच्या संशोधनाने काही म्हटले नाही. पण पद्धत पक्की झाली. पदार्थ काढायचा, ठरावीक दिवस थांबायचे, तो परत आणायचा, मगच निर्णय घ्यायचा. आपल्या स्वयंपाकघरांत या पद्धतीचा पूर्वार्ध तेवढा पोहोचला, उत्तरार्ध वाटेत कुठेतरी गळाला.

त्याचे परिणाम काय होतात, हे ओळखीच्या एका घरी पाहिले. डॉक्टरांनी दूध आणि अंडे दोन-तीन आठवडे थांबवायला सांगितले होते. घरच्यांनी त्यात डाळी जोडल्या, मग मासे, मग पालेभाजी, मग ‘थंड’ म्हणून नारळ. तीन महिन्यांनी ती बाई मऊभात आणि मीठ एवढ्यावर होती आणि तरीही रोज विचारले जात होते, ‘काल काय खाल्लंस?’

खेदाची गोष्ट अशी की, जुने ग्रंथही तिला इतके उपाशी ठेवत नाहीत. काश्यपसंहिता हा बालक व प्रसूतेविषयीचा ग्रंथ. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील पोथीवरून तो १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला. त्यात सूतिकेचा आहार प्रदेशानुसार, कुळाच्या रीतीनुसार आणि तिच्या पचनशक्तीनुसार बदलायला सांगितला आहे. पाणथळ मुलखात वेगळा, कोरड्या मुलखात वेगळा. चरकही कोणत्या देशच्या लोकांना काय सात्म्य ते सांगतो, आणि दक्षिणेकडच्यांना ‘पेया’ मानवते असे म्हणतो. आपली ‘पेज’ हा त्याच शब्दाचा वंशज.

हा धागा कोकणाकडे वळवण्याचे कारण हेच. १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरमधील पिके पाहा: भात, नाचणी, वरी, हरीक, कुळीथ. गव्हाला जागा नाही. गाय लहान चणीची, दूध बेताचे. स्वयंपाकाचा स्निग्धपणा आला तो नारळातून. पोळी-बिस्किटे आणि रोजचा दुधाचा पेला ही सर्वसामान्य घरातली बरीच अलीकडची आवक. १९५६च्या पीएल-४८० करारानंतर रेशनच्या दुकानांतून परदेशी गहू आला आणि १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’नंतर पिशवीतले दूध हळूहळू गावोगावी पोहोचले. त्यामुळे ‘दूध नाही, गहू नाही, अंडे नाही, मग खायचे तरी काय?’ या प्रश्नाचे उत्तर रत्नागिरीच्या जुन्या चुलीपाशी बऱ्याच अंशी सापडते. सकाळी पेज. नाचणीची भाकरी. नारळाच्या रसातली भाजी, शेवग्याचा पाला. कुळथाचे पिठले. नारळाच्या पाण्यात भिजवलेल्या हळिवाचे गुळातले लाडू. बाळाला त्रास नसेल तर बांगडा किंवा मांदेली.

मात्र ‘पारंपरिक म्हणजे निर्धोक’ हे समीकरण मांडू नये. बाळंतिणीसाठी पथ्याचे म्हणून दिले जाणारे मेतकूट तांदूळ-डाळींबरोबर बहुधा गहूही भाजून दळलेले असते. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात अनेकदा मैदा असतो. तुपात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. तीव्र ॲलर्जी असल्यास ते चालेल की नाही हे डॉक्टरांनाच विचारावे. डिंकाच्या लाडवात काजू-बदाम पडतात, आणि रत्नागिरीची ओळख झालेला काजू हा मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांबरोबर आलेला. ॲलर्जीच्या यादीत त्याचे नाव बरेच वर असते. तीळ आणि कोळंबी यांचीही तीच गत.

जुन्या ताटाच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. ‘आयसीएमआर’च्या २०२०च्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात, आणि कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. दूध बंद असताना उरलेली तूट केवळ पाल्याने भरून निघणे कठीण. म्हणून डॉक्टर गोळ्या देतात, त्या टाळू नयेत. शाकाहारी घरात दूधही थांबले तर ‘बी-१२’चा आहारातला उगमच संपतो. ही उणीव आईत लगेच दिसत नाही, पण अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मज्जासंस्थेला तिचा फटका बसू शकतो. बाळासाठी केलेले पथ्य अशा रीतीने बाळावरच उलटते. म्हणून पदार्थ काढताना त्याच्या जागी काय ठेवले, हे त्याच दिवशी ठरलेले असावे.

वैद्यकशास्त्रानेही या बाबतीत माघार घेतलेली आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये ॲलर्जीची कौटुंबिक शक्यता असलेल्या बाळांच्या आयांना शेंगदाणा व कवचफळे टाळण्याचा सल्ला दिला होता. बाळाला अजून काही झालेले नसताना, केवळ प्रतिबंध म्हणून. पुरेसा पुरावा नसल्याने २००८ मध्ये तो मागे घेण्यात आला. २०१५ मध्ये गिडियन लॅक यांच्या लंडनमधील अभ्यासात तर, ज्या जोखमीच्या बाळांना लवकर शेंगदाणा खाऊ घातला त्यांच्यात त्याची ॲलर्जी टाळलेल्या बाळांपेक्षा कितीतरी कमी आढळली. तो अभ्यास बाळाच्या स्वतःच्या खाण्याचा होता, आईच्या नव्हे. तरी ‘जितके टाळू तितके सुरक्षित’ या समजुतीला त्याने मोठा तडा दिला.

आज सर्वसाधारण रीत अशी: संशय असलेला पदार्थ दोन ते चार आठवडे थांबवतात, बाळाकडे लक्ष ठेवतात, आणि फरक पडो वा न पडो, तो परत आणून पाहतात. फरक पडला नाही तर तो पदार्थ आईच्या ताटात राहतो. एका वेळी एकच पदार्थ, तारखेसह वहीत टिपून. बाळाला आधी श्वासाचा त्रास, ओठ सुजणे किंवा अंगभर गांधी असे काही झालेले असेल, तर ही चाचणी घरी करायची नसते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते. ओळखीच्या त्या घरात पहिल्यांदा परतली ती तूरडाळ. आठ दिवस काही झाले नाही. मग पालेभाजी, मग नारळ, मग बांगडा. दूध अजून बंद आहे, अंडेही. बाळ सात महिन्यांचे झाले असून आई त्याला अजून अंगावर पाजते आहे.