बालकांमधील अपस्मार आणि किटोजेनिक आहार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फेफरे आटोक्यात येत नसेल, तर त्यास औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अशा बालकांसाठी योजल्या जाणाऱ्या किटोजेनिक आहाराच्या वाटचालीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. उपचार केवळ गुणकारी असून भागत नाही, तो रुग्णाच्या घरी रांधता आला पाहिजे, हे या वाटचालीतून स्पष्ट होते.

उदय आणि पीछेहाट

उपवासाने झटके कमी होतात, हे जुन्या काळापासून ज्ञात होते. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी आहारातूनच उपवासासारखी स्थिती निर्माण करण्याची कल्पना मांडली. कर्बोदके अत्यल्प व स्निग्धांश भरपूर दिल्यास यकृतात किटोन तयार होतात आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. या आहाराच्या कठोर प्रकारात प्रथिने व कर्बोदके मिळून १ ग्रॅम, तर स्निग्धांश ४ ग्रॅम असे प्रमाण असते. १९३८ मध्ये फेनिटॉइनची उपयुक्तता सिद्ध झाली. गोळी देणे सोपे, घास मोजणे अवघड; त्यामुळे आहार मागे पडला. १९९४ मध्ये एका रुग्ण बालकाच्या पालकांनी अमेरिकेत चार्ली फाउंडेशन स्थापन केल्यावर त्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

महाराष्ट्रातील प्रयत्न

मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी १९९६ च्या सुमारास दादरच्या शुश्रूषा रुग्णालयात हा उपचार सुरू केला. १०५ बालकांवरील त्यांचा अनुभव २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील खरी अडचण ताटाची होती. पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या गावात भात हा जेवणाचा आधार, तर अन्यत्र पोळी वा भाकरी. हे सारे कर्बोदकप्रधान. शाकाहारी घरांत तर डाळीतील प्रथिनांबरोबर कर्बोदकेही येतात. म्हणून लोणी, तूप, साय, पनीर, खोबरे यांवर भिस्त ठेवावी लागते आणि प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये तोलावा लागतो. हे काम बहुधा आईच्या वाट्याला येते.

समारोप

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडन येथील चाचणीत १४५ बालके होती. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ७३ पैकी २८ बालकांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. आहार न घेणाऱ्या ७२ पैकी केवळ ४ बालकांचे. तथापि बद्धकोष्ठता, मूतखडा, वाढ खुंटणे असे धोके असल्याने हा आहार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. ग्रामीण बालकांपर्यंत तो पोहोचवायचा असेल, तर बालमेंदूविकारतज्ज्ञाइतकीच स्थानिक अन्न जाणणाऱ्या आहारतज्ज्ञाची गरज आहे. गृहविज्ञान व आहारशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयांनी याची दखल घेणे अगत्याचे ठरते.