दोन कान, दोन खोकी आणि मधला आवाज

१९९० च्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी काकांनी स्टिरिओ डेक आणला. त्याची दोन खोकी, म्हणजे ध्वनिवर्धक, जिथे जागा मिळाली तिथे ठेवली गेली. एक शोकेसवर, तर दुसरे दाराआडच्या स्टुलावर. आवाज मोठा होता, त्यामुळे सारे खूश होते. पुढे रेडिओ दुरुस्तीचे काम करणारे काकांचे एक स्नेही घरी आले. त्यांनी दोन्ही खोकी भिंतीपासून पुढे ओढली, एका उंचीवर ठेवली आणि सतरंजीवर एक जागा दाखवून म्हणाले, "इथं बसा. आता पहा, गाणं मधून येऊन राहिलं की नाही?"

घरातील प्रत्येकजण आळीपाळीने त्या जागी बसला. मधे तर नुसती भिंत होती, तरी गाणारी बाई जणू तिथेच उभी आहे असे सर्वांना वाटले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मला तर उजवीकडूनच ऐकू येते." सगळे हसले. काकांचे स्नेही मात्र हसले नाहीत. "याचे कान दाखवून आणा," एवढेच ते म्हणाले. तपासणीत कळले की माझ्या डाव्या कानाला ऐकूच येत नाही. दोन वर्षांपूर्वी झालेल्या गालगुंडांचा तो परिणाम होता. तोवर हे घरात कोणालाही कळले नव्हते, आणि मलाही नाही!

भिंतीतून आवाज येतो हा भास कसा निर्माण होतो आणि त्याला दोन कान का लागतात, या प्रश्नाची उकल व्हायला सुमारे पाऊणशे वर्षे लागली. तिचा इतिहास पाहू.

हिरवळीवरचा प्रयोग

१८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या अभियंत्याने एक नवल मांडले. ऑपेरागृहाच्या रंगमंचावर त्याने ओळीने प्रेषक बसवले आणि तारांनी त्यांचा आवाज प्रदर्शनात आणला. दोन कानांना दोन वेगवेगळे टेलिफोन लावले की गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला आहे ते ऐकणाऱ्याला कळे. हे का घडते, हे मात्र स्पष्ट नव्हते.

त्या प्रश्नावर इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले आधीपासूनच विचार करत होते. १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रयोगाला उपकरणे फारशी लागली नव्हती. ते हिरवळीवर डोळे मिटून उभे राहत, सभोवती मदतनीस उभे करत आणि आवाज कोठून आला ते ओळखत. माणसाच्या बोलण्याची दिशा सहज कळे. नादकाट्याचा शुद्ध स्वर डावीकडून आला की उजवीकडून हेही कळे, पण समोरून की मागून हे कळत नसे.

१९०७ मध्ये त्यांनी याचे स्पष्टीकरण पुरे केले. आवाज एका बाजूने आला की दूरच्या कानापर्यंत पोहोचताना त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. हे जादा अंतर जास्तीत जास्त २२ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे दूरच्या कानाला आवाज सुमारे ०.६५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. खालच्या स्वरांची दिशा मेंदू या फरकावरून ठरवतो. वरच्या स्वरांची तरंगलांबी डोक्यापेक्षा लहान असते, म्हणून डोक्याची 'सावली' पडते आणि दूरच्या कानाला आवाज हळू ऐकू येतो. या दोन रीतींमधील सीमा साधारण १५०० हर्ट्झच्या आसपास आहे. आवाज अगदी समोर किंवा अगदी मागे असेल, तर दोन्ही कानांपर्यंतचे अंतर सारखेच पडते. नादकाट्याने रॅले यांना का फसवले ते आता ध्यानात येईल.

ब्लमलाइन यांची युक्ती

बोलपट आले तेव्हा पडद्यावरचा नट डावीकडून उजवीकडे जाई, पण त्याचा आवाज एका जागचा हलत नसे. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याला हे खटकले, असे सांगतात. १९३१ च्या डिसेंबरात, वयाच्या २८ व्या वर्षी त्याने एकस्वासाठी अर्ज केला. आजच्या स्टिरिओचा जवळजवळ सगळा पाया त्या अर्जात आहे. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन बाजूंवर दोन वाहिन्या कोरण्याची कल्पनाही त्यात होती.

टेलिफोन कानाला लावला की डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो. खोक्यांचे तसे नाही. दोन्ही खोक्यांचा आवाज दोन्ही कानांवर पडतो, आणि म्हणून सगळा घोटाळा होईल असे वाटते. ब्लमलाइनने दाखवले की तसे होत नाही. समजा, डाव्या खोक्याचा आवाज थोडा मोठा ठेवला. प्रत्येक कानापाशी एका खोक्याचा आवाज आधी पोहोचतो आणि दुसऱ्याचा किंचित उशिरा. त्यांची बेरीज होते तेव्हा खालच्या स्वरांत दोन कानांमध्ये आपोआप वेळेचा फरक तयार होतो. हा फरक डावीकडे उभ्या असलेल्या खऱ्या गायकामुळे पडणाऱ्या फरकासारखाच असतो. मेंदू फसतो आणि जिथे काहीच नाही तिथे गायक उभा करतो. दोन्ही आवाज सारखे असले तर गायक बरोबर मध्यभागी येतो. मात्र अट अशी की ऐकणारा दोन्ही खोक्यांपासून सारख्याच अंतरावर हवा.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन वाहिन्यांनी सुमारे २०० किलोमीटरवरील वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. एरवी त्या वृंदाचे संचालन करणारे स्टोकोव्स्की त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या खुंट्या फिरवत होते. स्टिरिओ तबकड्या बाजारात येण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. ते पाहायला ब्लमलाइन नव्हता. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेत असताना त्याचे विमान कोसळले. तो अवघा ३८ वर्षांचा होता.

पहिला आलेला आवाज

जागा थोडी चुकली तर काय होते? जर्मनीत हेल्मुट हास याने १९४९ मध्ये गटिंगेन येथे पूर्ण केलेल्या प्रबंधात याचे उत्तर मिळते. एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच येतो, आणि तोही पहिल्या आवाजाच्या दिशेने. मागाहून आलेला आवाज बराच मोठा असला तरीही असेच घडते.

हिशेब करून पाहा. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे एका खोक्याच्या दिशेने हातभरही सरकावे लागत नाही, तोच गायक मध्य सोडून त्या खोक्यात जाऊन बसतो. नागपुरात डिसेंबरातल्या १० अंश तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांत ३५८ मीटर. म्हणून ऋतूप्रमाणे खोकी हलवायची का? नाही. दोन्ही बाजूंचा वेग सारखाच बदलतो. उन्हाळ्यात खरा त्रास कूलरच्या घरघरीचा!

भिंतीही बोलतात

आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल. त्याच्या सज्जात एका टोकाला कुजबुजलेले शब्द सुमारे ३८ मीटरवरच्या समोरच्या टोकाला ऐकू येतात. १९१० मध्ये रॅले यांनी अशा कुजबुजत्या सज्जांचे गणित मांडले. त्याच सुमारास सी. व्ही. रामन हिशेब खात्यातील अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. पुढे १९२१-२२ मध्ये रामन यांनी लंडनचे सेंट पॉल चर्च आणि गोलघुमट या दोन्ही ठिकाणच्या सज्जांचा अभ्यास केला. कान ऐकतो त्यातला मोठा भाग भिंतींकडून आलेला असू शकतो, हे गोलघुमटात ठळकपणे कळते. आपल्या खोलीतही थोड्या प्रमाणात हेच घडते.

खोलीचा निनाद मोजण्याची रीत हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून घातली. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सेबाइन रात्री, शांत वेळी, दुसऱ्या नाट्यगृहातील गाद्या तिथे आणून ठेवत आणि घुमणे किती कमी झाले ते मोजत. फरशी, सिमेंटचे छत आणि उघड्या भिंती असलेल्या आपल्या खोलीत सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेली मांडणी तेच काम करतात.

घरी काय करावे?

इतका इतिहास ध्यानात घेतला की नियम पाठ करावे लागत नाहीत. दोन खोकी आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा. खोक्यांत दोन मीटर अंतर असेल, तर आपणही प्रत्येकापासून दोन मीटरवर बसावे. खोकी याहून फार दूर गेली तर मधे पोकळी पडते. वरच्या स्वरांचा लहान कर्णा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. खोके कोपऱ्यात ठेवू नये. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात आणि तबल्याचा डग्गा नुसता घुमतो. दोन्ही खोक्यांच्या तारा सारख्याच जोडाव्यात. एकीची धन-ऋण टोके उलट झाली तर मधला गायक नाहीसा होतो आणि खर्जही जातो.

परीक्षेसाठी स्टिरिओ गाणे घेऊ नका. १९५० च्या दशकातील एखादे चित्रपटगीत लावा. ते एकाच वाहिनीवर मुद्रित झालेले असल्याने गाणाऱ्याचा आवाज बरोबर मध्यावर आणि रेखीव यायला हवा. तो पसरला किंवा एका बाजूला गेला, तर खोक्यांची मांडणी चुकली आहे.

वर्गासाठी

रॅले यांचा प्रयोग शाळेच्या मैदानावर करता येतो. खोलीत नको, कारण भिंती गोंधळ करतील. एका मुलाचे डोळे बांधून त्याला स्टुलावर बसवा. भोवती आठ मुले उभी करा. खुणेसरशी एकाने टाळी वाजवायची आणि बसलेल्याने डोके न हलवता बोटाने दिशा दाखवायची. मग एका कानात बोट घालून पुन्हा तेच करा आणि चुका मोजा.

कान बंद न करताही एखादे मूल वारंवार डाव्या-उजव्यात चुकले तर हसू देऊ नका. पालकांना बोलावून त्याचे कान तपासून घ्यायला सांगा. एका कानाने ऐकणारे मूल शांत खोलीत सगळे ऐकते, म्हणून कोणाला संशय येत नाही. गलबल्यात मात्र त्याला हाक कोठून आली ते कळत नाही आणि ते भलतीकडे पाहते. अशा मुलाला आपण 'लक्ष नसलेले' म्हणतो. मलाही वर्गात दोन वर्षे तेच म्हटले गेले. तपासणीनंतर मला पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसवले, म्हणजे उजवा कान वर्गाकडे आला. माझे 'लक्ष नसणे' त्या दिवसापासून संपले.

भिंतीतला गायक मी अजून ऐकलेला नाही, त्याचे गणित तेवढे मांडू शकतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलालाही तो ऐकू येत नसेल. एकदा मैदानावर जाऊन पाहा.