सार्डिनिया: हिवताप गेला, पर्यटक आले
पुण्यातला आगाखान पॅलेस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. १९६९ साली तो भारताला देणाऱ्या चौथ्या आगाखानांनीच १९६२ मध्ये सहकाऱ्यांसह सार्डिनिया बेटावर ‘कोस्टा स्मेराल्डा’, म्हणजे पाचूचा किनारा, वसवायला घेतला होता.

तिथलं हिरवंनिळं पाणी फोटोत बघून आपण म्हणतो, इथे पर्यटक येणारच! पण पाणी तर आधीही तसंच होतं. मग शतकानुशतकं लोक किनारा टाळून आत डोंगराकडे का राहिले? एक कारण चाच्यांची भीती, दुसरं हिवताप. सखल, पाणथळ भागात डासांचंच राज्य होतं. १९४६ ते १९५० दरम्यान रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने बेटभर डीडीटी फवारलं गेलं आणि हिवताप हटला.

मग जमिनीचा अर्थच बदलला. मेंढपाळांच्या लेखी ज्या खडकाळ किनाऱ्याला फारशी किंमत नव्हती, तिथे श्रीमंतांचे बंगले उठले. शेवटी २००४ मध्ये प्रादेशिक सरकारने किनाऱ्यापासून २ किलोमीटरपर्यंतची नवी बांधकामं तात्पुरती थांबवली.

तेव्हा पर्यटनाचा नकाशा वाचताना आपण एवढं तरी विचारू या: हा किनारा राहण्याजोगा कशामुळे झाला, आणि शेवटी गेला कोणाच्या हाती?