लकुट, लाकूड आणि काठी

वेरूळला जाणारे बहुतेक लोक कैलास पाहून परततात. उत्तरेकडे येळगंगेच्या धबधब्याजवळच्या २९ क्रमांकाच्या डुमार लेण्यापर्यंत पोचणारे थोडे. सहाव्या-सातव्या शतकातल्या या शैव लेण्यात एक योगी कमळावर बसला आहे. कमळाचा देठ नागांनी धरला आहे आणि योग्याच्या डाव्या हातात सोटा आहे. हा लकुलीश, पाशुपत पंथाचा आचार्य आणि शिवाचा अवतार मानला गेलेला. लकुल म्हणजे दंड, तो धारण करणारा लकुली. हातातल्या काठीवरूनच नाव पडलेला हा देव.

या परंपरेचे मूळ स्थान गुजरातेतले कारवण. तिचा काळ ठरवण्यास मोठे साहाय्य झाले ते इ. स. ३८०च्या मथुरा स्तंभलेखाचे. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी संपादिलेल्या या लेखात उदिताचार्य स्वतःला कुशिकापासून दहावा म्हणवतो. कुशिक हा लकुलीशाचा शिष्य. पिढ्यांचा हिशेब मागे नेत भांडारकरांनी लकुलीशाला दुसऱ्या शतकात ठेवले.

देवाच्या हातातली ही वस्तू आपल्या बोलण्यात मात्र वेगळ्याच अर्थाने उरली आहे. संस्कृतात लकुट किंवा लगुड म्हणजे सोटा. त्याच शब्दापासून मराठीत ‘लाकूड’ आले, आणि त्याचा अर्थ झाला तो पदार्थ, ज्याचा सोटा करतात. उलट संस्कृत ‘काष्ठ’ म्हणजे लाकूड. त्याच कुळातली आपली ‘काठी’. म्हणजे वस्तूचे नाव पदार्थाला गेले आणि पदार्थाचे नाव वस्तूला! दोन शब्दांनी जणू घरेच बदलली. सरपण गोळा करणाऱ्याला आणि गुरे हाकणाऱ्याला लाकूड नि काठी यांत फार अंतर वाटत नसावे. झाडाची फांदी तोडली की तिची काठी होते आणि मोडली की ती चुलीत जाते.

फारसीतही असेच आहे. ‘चोब’ म्हणजे लाकूड आणि काठीही. चोब धरणारा तो चोबदार, मराठीत चोपदार. पालखीच्या तळावर माउलींच्या चोपदाराने दंड उंचावला की हजारो वारकऱ्यांचा गजर क्षणात थांबतो. लाठीचे कूळ निराळे: संस्कृत यष्टि, प्राकृत लट्ठि आणि मग लाठी.

सत्तेची भाषा ज्याने सर्वाधिक घडवली तो शब्द दंड. आधी तो हातातला सोटा, मग शिक्षा, मग शिक्षेपोटी भरायची रक्कम. दांडा, दांडू, दंडुका, दांडगाई ही सारी त्याचीच पिलावळ. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड येतो. मनुस्मृतीने त्याचीही उंची वर्णाप्रमाणे ठरवली: ब्राह्मणाचा केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. शूद्राला मुंजच नाही, मग दंड कुठला?

पण गावगाड्याने एक काठी सक्तीने हाती दिली. येसकराची काठी. तिला घुंगरू लावलेले असे. तिचा आवाज आला की येसकर आल्याचे घराघरांत कळे. हीच काठी घेऊन तो गावाची राबणूक करी आणि दारोदार भाकरी मागे. चोपदाराचा दंड उंचावला की गर्दी शांत होते. येसकराची काठी वाजली की माणसे अंग चोरून घेत. दोन्ही लाकडेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या राबणुकीविरुद्ध. अनेकांनी गावकीची कामे सोडली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती काठी खाली ठेवली.

तेव्हा काठीचा इतिहास तिच्या लाकडात शोधून भागत नाही. ती कुणाच्या हातात आहे आणि ती हाती कुणी दिली, हे विचारावे लागते. ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ असे आपण म्हणतो. डुमार लेण्यातल्या योग्याचा सोटा खरोखरच मुका आहे. येसकराच्या काठीला मात्र आवाज होता, आणि तो त्याने स्वतः मागून घेतलेला नव्हता.