पाडवा, मृग आणि दिवाळी

वऱ्हाडांतील कापसाच्या व्यापाराचा इतिहास सांगतांना १८६१ ते १८६५ ची अमेरिकेंतील यादवी आणि १८६७ सालीं नागपुरास पोहोंचलेली आगगाडी यांचा उल्लेख प्रत्येक जण करतो. लिव्हरपूलच्या बाजारांत उमरावतीवरून ‘ऊमरा’ हें नांव मिळविलेल्या कापसाचाहि करतो. पण हा सारा व्यवहार कोणत्या कालगणनेवर चाले, हें पाहण्याच्या फंदांत सहसा कोणी पडत नाहीं.

अमरावती-अकोल्याकडे एकाच वेळीं तीन वर्षें चालत. सालदाराचें वर्ष गुढीपाडव्यास सुरू होई, शेतीचें मृगास आणि पेढीचें दिवाळीस. वाचकांस हा घोटाळा वाटेल. आम्हांस तो वाटत नाहीं. काम जेथें थांबे, तेथें त्याचें वर्ष संपे. पाडव्याच्या सुमारास उलंगवाडी होऊन शेत मोकळें झालेलें असे, म्हणून गड्याचा हिशेब तेव्हां मिटे. दिवाळीस गेल्या हंगामाचा माल विकून वखार रिकामी झालेली असे आणि नवा कापूस नुकता फुटूं लागलेला असे. जमाखर्च मिळवून नवी वही घालण्यास याहून सोयीचा दिवस कोणता?

मृग सूर्याचें, म्हणून जूनच्या ७-८ तारखेस ठरलेलें. पाडवा व दिवाळी चंद्राच्या, म्हणून मागेंपुढें होणाऱ्या. अधिक मास आला म्हणजे पाडवा ते पाडवा ३५४ ऐवजीं सुमारें ३८४ दिवस भरत. सालाचा मोबदला एकदांच ठरलेला असला, तर तेराव्या महिन्याची मेहनत धन्याच्या पदरांत पडे. आणि त्याच गड्याच्या डोक्यावर दरमहा व्याजाचें कर्ज असलें, तर तोच महिना सावकाराच्या वहींत पुरा मोजला जाई. पंचांगाच्या कौतुकांत आम्हीं स्वतः हें गणित बरींच वर्षें मांडून पाहिलें नव्हतें.

सरकारी वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होऊं लागलें. पेढ्यांनीं त्यास दीर्घकाळ दाद दिली नाहीं. प्राप्तिकरासाठींहि दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवण्याची मुभा होती. ती १९८९ सालीं संपली. ३१ मार्चला किती तरी जिन चालू असतात, आवारांत गांठी रचलेल्या असतात आणि शिल्लक मालाची किंमत बसल्या जागीं ठरवावी लागते. वहीपूजन दिवाळीस आजहि होतें. पहिल्या पानावर स्वस्तिक काढतात, ‘शुभ-लाभ’ लिहितात. पुढचीं पानें मात्र बहुधा कोरींच राहतात.