व्यवहार-प्रक्रिया प्रणालींशी जावा क्लायंटची सुरक्षित जोडणी

जावा भाषेत लिहिलेले वापरकर्त्याच्या बाजूचे सॉफ्टवेअर म्हणजे जावा क्लायंट. बँक, विमा, रेल्वे अशा संस्थांच्या केंद्रीय व्यवहार-प्रक्रिया प्रणालीशी ते जोडताना तीन गोष्टी साधाव्या लागतात: संदेश वाटेत कोणाला वाचता वा बदलता येऊ नये, दोन्ही टोकांची ओळख पटावी आणि प्रत्येक व्यवहार कोणाच्या अधिकाराने झाला हे केंद्रीय प्रणालीला कळावे. पहिल्या दोहोंकडे सहसा लक्ष दिले जाते. तिसरी मात्र पुष्कळदा मधल्या सर्व्हरवर हरवते.

पार्श्वभूमी

या प्रणाली जावाहून बऱ्याच जुन्या आहेत. आयबीएमची सीआयसीएस १९६९ मध्ये बाजारात आली. टक्सिडोचा आरंभ १९८३ मध्ये बेल प्रयोगशाळेत झाला. जावाची पहिली आवृत्ती १९९६ ची. जुन्या प्रणालींची रचना संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यातील टर्मिनले गृहीत धरून झाली होती. इंटरनेटवरून येणाऱ्या अनोळखी क्लायंटचा विचार नंतर करावा लागला.

गेटवे आणि ओळख

जावा क्लायंट सहसा केंद्रीय प्रणालीशी थेट बोलत नाही. सीआयसीएससाठी ट्रान्झॅक्शन गेटवे, तर टक्सिडोसाठी जोल्ट हा मधला दुवा असतो. जोल्टच्या भांडारात नोंदवून खुल्या केलेल्या सेवाच क्लायंटला मागवता येतात. टक्सिडोमध्ये सुरक्षेच्या चढत्या पायऱ्या आहेत: कोणतीही तपासणी नाही, सर्वांना एकच संकेतशब्द, प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख, सेवानिहाय परवानगीची यादी आणि शेवटी सक्तीची यादी. साध्या यादीत नोंद नसलेली सेवा सर्वांना मोकळी राहते, सक्तीच्या यादीत ती नाकारली जाते. दोन्हींची नावे सारखी असल्याने हा भेद सहज नजरेतून सुटतो.

गेटवे सर्व ग्राहकांची कामे एकाच सामाईक खात्याने पुढे पाठवीत असेल, तर केंद्रीय नोंदीत फक्त गेटवेचेच नाव उमटते. पुढे तक्रार उद्भवल्यास व्यवहार कोणी केला हे त्या नोंदीवरून सिद्ध करता येत नाही. म्हणून मूळ वापरकर्त्याची ओळख संदेशासोबत शेवटपर्यंत नेणे आवश्यक ठरते.

प्रमाणपत्राची तपासणी

कूटबद्ध जोडणीची सोय २००२ च्या जावा १.४ पासून भाषेतच अंतर्भूत आहे. तथापि तिचा वर्ग निवडताना सावध राहावे लागते. वेबपत्त्यांसाठीचा तयार वर्ग प्रमाणपत्रावरील नाव आणि सर्व्हरचे नाव जुळते का, हे आपोआप पाहतो. साधा सुरक्षित सॉकेट मात्र सांगितल्याखेरीज पाहत नाही. चाचणीच्या काळात सोयीसाठी लिहिलेला 'कोणतेही प्रमाणपत्र मान्य' हा आदेश प्रत्यक्ष वापरातही तसाच राहणे, ही या क्षेत्रातील जुनी आणि अद्याप न संपलेली चूक होय.

नंदुरबारमधील संदर्भ

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. त्याच जिल्ह्यातील चिंचपाड्यासारख्या गावी बँकेची शाखा गाठण्याऐवजी बँक मित्राकडे अंगठा देऊन पैसे काढता येतात, ते आधार-आधारित देयक प्रणालीमुळे. बँक मित्राच्या मोबाइलवरील ॲप बहुधा जावा किंवा कोटलिन भाषेतील असते. अंगठ्याची माहिती ॲपच्या हाती पोचण्यापूर्वीच, नोंदणीकृत उपकरण व त्याच्या सेवेकडून, २५६ बिटांच्या किल्लीने कूटबद्ध होते. ती किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीने बंद केली जाते. त्यामुळे ॲप, बँक मित्राची बँक किंवा मुंबईस्थित राष्ट्रीय देयक महामंडळ, यांपैकी कोणालाही ती उघडता येत नाही. दस्तऐवजांवरील अंगठ्यांवरून बनावट ठसे तयार करून पैसे काढल्याचे प्रकार मात्र देशात घडले आहेत. कूटबद्धता ठशाचे संरक्षण करते, तो खरा असल्याची हमी देत नाही.

तुटलेला व्यवहार

मागणी पोचली पण उत्तर परतले नाही, तर क्लायंटला व्यवहार झाला की नाही हे कळत नाही. मुदत संपणे म्हणजे व्यवहार फसणे नव्हे. तीच मागणी नव्या क्रमांकाने पुन्हा पाठवल्यास खात्यातून दोनदा रक्कम वजा होऊ शकते. म्हणून प्रत्येक मागणीला एकमेव संदर्भ क्रमांक देतात आणि पुनःप्रयत्नात तोच कायम ठेवतात. खात्यातून रक्कम गेली पण बँक मित्राकडे पुष्टी पोचली नाही, अशा प्रसंगी रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत करावी लागते. त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई देय असते.